आधी लाल, मग काळा

२६ सप्टेंबर, शनिवार

निष्काळजीपणा म्हणे!

लेकीने फोनवर फोटो दाखवला. जुन्या कालव्याच्या काठाने आता सायकलींचा रस्ता केलाय. तिची मैत्रीण जाऊन आली, तिने काढलेला. एकसष्ट किलोमीटरच्या दगडापाशी चकचकीत बोर्ड. ‘येथील एका कर्मचाऱ्याने पाण्याची पातळी प्रत्यक्ष न पाहता घरी बसून लिहिली. त्याच्या निष्काळजीपणामुळे कालवा फुटला व कायमचा बंद पडला.’ आणि खाली हिरव्या अक्षरांत — ‘कृपया कचरा टाकू नये.’

तो कर्मचारी म्हणजे माझे बाबा. नाव घातलं नाही, केवढी मेहरबानी! पण एकसष्टच्या दगडापाशी मोजपट्टी वाचणारा माणूस एकच होता. त्या भागातलं शेंबडं पोरही सांगेल कोण ते.

एकोणपन्नास वर्षं झाली. बाबा जाऊनही अकरा झाली. मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही, म्हणून आता बोर्ड लावतात.

दुकानात दिवसभर चुकाच चुका. एका पँटचा डावा पाय आखूड कापला.

२८ सप्टेंबर, सोमवार

सायकल-रस्त्याच्या ऑफिसात जाऊन आले. तिथले साहेब माझ्या लेकीएवढे. खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग म्हणाले, ‘ताई, भावनेवर बोर्ड बदलता येत नाही. पुरावा आणा, पंधरा दिवसांत बदलतो.’

पुरावा कुठे आहे? वरच्या टोकाला, शून्याच्या दगडापाशी. कालव्याचं मुख्य ऑफिस होतं तिथे. जुनी रजिस्टरं, चौकशीचे कागद, सगळं एका कपाटात आहे. ‘बघायला कुणी येत नाही. गाडीने गेलात तर तीन तास.’

म्हटलं, सायकलने गेले तर?

ते हसले. तिथेच ठरलं माझं.

३० सप्टेंबर, बुधवार

दादाचा फोन. लेकीने चहाडी केली असणार.

‘सत्तावन्न वर्षांची बाई, एकशे अठरा किलोमीटर सायकल? लोक काय म्हणतील?’ लोक विचारतील, पंक्चर काढता येतं का. येतं! मग हळूच खरं बाहेर आलं. ‘अगं, झालं गेलं. बाबा गेले, कालवा गेला. कशाला उकरून काढतेस?’ म्हटलं, मी कुठे उकरलं? त्यांनी खांब रोवून बोर्ड लावलाय!

तर पावसाचं विचारायला लागला.

दादा जन्मभर असाच. शाळेत कुणी ‘कालवाफोड्याची पोरं’ म्हणालं की मी अंगावर धावून जायची. एकीचं तर मी रिबिनीसकट केस उपटले होते. आणि हा चौदा वर्षांचा धटिंगण खाली मान घालून बाजूने निघून जायचा. भित्रा तो भित्राच.

लेक म्हणते, निदान बॅटरीची सायकल घे. बाबांनी वीस वर्षं ह्याच काठाने सायकल मारली, तेव्हा कुठे होती बॅटरी? ‘आजोबांचे गुडघे तुझ्यासारखे नव्हते, आई.’ हे मात्र खरं.

२ ऑक्टोबर, शुक्रवार

उद्या निघायचं. सामान बांधून झालं. दोन ट्यूब, पंप, गुडघ्याचं मलम, ही वही. आणि गळ्यातली टेप — ती काढून ठेवली तर मला चुकल्यासारखं होतं. शिवणकामाची सवय.

सगळं एकदा लिहून ठेवते. तिथे गेल्यावर कुणी गोंधळात पाडायला नको.

बाबा रोज सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा मोजपट्टी वाचायचे. कालव्याचं पाणी अडवायच्या दारापाशी दगडी भिंतीला उभी लोखंडी पट्टी. दर मीटरला मोठा लाल आकडा — एक, दोन, तीन. मधल्या जागेत छोटे काळे, एक ते नऊ. पाणी जिथे टेकलं तो काळा आकडा, आणि त्याच्या खाली असेल तो लाल. ‘आधी लाल, मग काळा.’ पाणी गढूळ असलं की खालचा लाल बुडतो, दिसत नाही. अशा वेळी वर बघायचं. वरचा जो लाल दिसेल त्यातून एक कमी करायचा. ‘काळा चुकला तर चूक वीतभर. लाल चुकला तर घरं बुडतील, साहेब!’

साहेब म्हणजे मी. सुट्टीच्या दिवशी मला पुढच्या दांडीवर बसवून न्यायचे. मी पायरीवर उभी राहून आकडा ओरडायची, ते वरच्या खोलीत रजिस्टरात लिहायचे. मूड असला तर मलाही लिहू द्यायचे. त्यांच्यासारखा तीन काढायला मी पाटीवर गिरवून गिरवून शिकले होते.

पाणी दोनच्या वर गेलं की वरच्या टोकाला फोन करायचा. मग ते मुख्य दार खाली पाडून पाणी बंद करायचे. त्या संध्याकाळी रजिस्टरात लिहिलंय एक-तीन. म्हणजे एक मीटर आणि वर तीन. फोन करायचं कारणच नाही. पहाटे काठ फुटला. माणसं वाचली, पण गिरणी गेली, चौदा घरं गेली. बाबांना ताप भरला होता. दुकानदार म्हणाला, मी संध्याकाळी त्यांना अंथरुणात पाहिलं. झालं! चौकशीवाल्यांनी ठरवून टाकलं, ह्याने घरी बसून आकडा ठोकून दिला. आणि बाबांनी त्यावर सही केली. दमात घेतलं असणार.

ते गेले होते. मला माहीत आहे, कारण मी बरोबर होते! पाऊस, बुळबुळीत पायऱ्या, खांद्यावर बाबांचा हात, आणि माझ्या अंगावर त्यांचा रेनकोट, सारखा पायात येत होता. तापात स्वतः भिजले आणि रेनकोट मला दिला. हा माणूस निष्काळजी?

आई तेव्हा मावशीकडे गेलेली. दादा कुठे उंडारत होता देव जाणे. मी एकटी साक्षीदार आणि आठ वर्षांच्या पोरीला कुणी काही विचारलंच नाही. आता विचारा म्हणावं!

३ ऑक्टोबर, शनिवार. दगड ११८ ते ९१

सत्तावीस किलोमीटर! गुडघा शिव्या देतोय. देऊ दे.

कालव्यात आता पाणी नाही. गवत, झुडपं, मधेच एखादं झाड तळातून वर आलेलं. पानगळ सुरू झालीये. पिवळी पानं चाकाखाली चुरचुरतात आणि चिखलाच्या जागी सायकल घसरवतात. दोनदा पडता पडता वाचले. बाजूने घट्ट कपड्यांतलं एक टोळकं सुसाट गेलं. एक जण ओरडला, ‘ऑल द बेस्ट, काकू!’ पुढच्या वळणावर तोच चेन उतरून बसलेला. मी चेन बसवून दिली आणि म्हटलं, ऑल द बेस्ट, बाळा.

संध्याकाळी खोलीवर सहा वाजले. बाबांची आठवण आली. नोकरी गेल्यावर ते गोदामात राखणदार होते. तिथे पाण्याचा थेंब नाही. तरी संध्याकाळी सहाला उठून उभे राहायचे. इकडे तिकडे बघायचे आणि परत बसायचे.

४ ऑक्टोबर, रविवार. दगड ९१ ते ६६

पंक्चर एक. पंप चोंदलेला. एका शेतावरच्या बाईने आपला पंप दिला. कुठे निघालात, विचारलं. सांगितलं. तर म्हणते, ‘हो हो, तो झोपून राहिला होता ना, म्हणून फुटला कालवा. माझे सासरे सांगायचे.’

तिच्या पंपाने हवा भरत होते म्हणून ऐकून घेतलं. भरून झाल्यावर मात्र सांगितलं, त्या झोपलेल्या माणसाची मुलगी मी, आणि ते झोपले नव्हते. बाई ओशाळली. चहा कर म्हणाली सुनेला. मी थांबले नाही.

मागे लागलेला कुत्रा बराच वेळ बरोबर आला. तेवढाच काय तो माझ्या बाजूने.

रात्री लेक फोनवर — ‘आई, वहीत जरा हलक्या हाताने लिही, परवा तू लिहीत होतीस त्या पानाखाली ठेवलेलं माझं बिल फाटलं.’ हे तिचं नेहमीचं. माझा खडू म्हणे कापडाच्या आरपार जातो. जातो. ह्या वहीतही एका पानावर लिहिलं की पुढच्या दोन पानांवर उमटतं. लहानपणापासूनची खोड, आता काय जाणार!

५ ऑक्टोबर, सोमवार. दगड ६१

सापडलं! सापडलं! सापडलं!

शांतपणे लिहिते. सकाळी नऊला पोचले. आमच्या क्वार्टरचा नुसता पाया उरलाय. बोर्डाकडे पाहिलंही नाही. सायकल त्याच्या खांबालाच टेकवली, एवढाच त्याचा उपयोग. दारापाशी उतरले. पायऱ्या आहेत. मोजपट्टीही आहे! गंजलीये, पण लाल दोन दिसतो, तीन दिसतो, वर हात फिरवला तर काळेही लागतात.

आणि शेजारच्या दगडावर गिरणीवाल्याच्या खुणा. विसरलेच होते मी. गिरणी दाराला लागूनच. पाणी चढलं की गिरणीवाला सहाचा भोंगा वाजवून खाली यायचा आणि खिळ्याने दगडावर रेघ ओढून तारीख टाकायचा. हौस त्याची. चार-पाच रेघा आहेत. सगळ्यात वरची त्या दिवसाची! तीच तारीख, तेच साल. खाली ‘संध्याकाळ’ असं खरवडलंय. त्याला वाटलं असणार, पट्टीवाला बघतोय की, आपल्याला काय काळजी.

टेप काढली. लाल दोनापासून रेघेपर्यंत बरोबर तीस सेंटीमीटर. तीनदा मोजलं. दोन-तीन!

रजिस्टरात एक-तीन. खरं पाणी दोन-तीन. तीन बरोबर आलाय! घरी अंथरुणात पडून ठोकलेला आकडा असा नेमका जुळतो? कुणीतरी पायरीवर उभं राहून पट्टी वाचली होती, हे ह्या दगडावर लिहिलंय. बाबा गेलेच होते! त्यांनी दोन-तीन लिहिलं, फोनही केला असेल, वर कुणी उचलला नसेल. आणि मग स्वतःची कातडी वाचवायला ऑफिसातल्या कुणीतरी दोनाचा एक केला, आणि खापर बाबांवर फोडलं. रजिस्टरावर खाडाखोड असणारच. ती शोधायची. शिवण उसवून परत घातलेली मला लांबून कळते, आकडा कळणार नाही?

फोटो काढले. पट्टी, रेघ, मधे टेप. आता या म्हणावं भावनेवर!

तीच तारीख, दुपार

पुढच्या पुलावर दादा उभा! गाडी घेऊन आलेला. काठी टेकत, थर्मास घेऊन. दोन तास थांबला होता म्हणे.

चहा घेतला. फोटो दाखवले. वाटलं, आता तरी मिठी मारील. त्याने रेघेचा फोटो बराच वेळ पाहिला आणि फोन परत दिला.

‘आता बास. चल घरी. सायकल मागे टाकू.’

‘रजिस्टर बघितल्याशिवाय नाही.’

‘ते नको बघूस.’

‘का?’

‘नको म्हणतो ना, चिमे!’

चाळीस वर्षांत त्याने मला ह्या नावाने हाक मारली नव्हती. पण मी पेटले होते. जे तोंडात आलं ते बोलले. तू तेव्हाही मान खाली घातलीस, आताही घालतोस. बापाचं नाव निघालं की तुझे पाय लटपटतात. मला भाऊ असून नसल्यासारखा.

त्याने सगळं ऐकलं. थर्मासचं झाकण लावलं. म्हणाला, ‘पुढे उतार आहे, ब्रेक जपून.’

मी मागे वळून पाहिलं नाही.

६ ऑक्टोबर, मंगळवार. दगड ३६ ते ९

दिवसभर पाऊस आणि समोरून वारा. उतरून ढकलली निम्मी वाट. तरी छान वाटलं. मोठ्याने गाणी म्हटली, ऐकायला कोण आहे!

एक आठवलं. बाबांच्या हातून मी कधी मार खाल्ला नाही. सगळ्यांचे बाप ओरडायचे, हे ओरडत नसत. दुकान नवीन असताना मी एका गिऱ्हाइकाचा महागाचा कोट चुकीचा कापला. तोंड लपवून रडत बसले. बाबा शेजारी बसले. ‘मापच चुकलं ना? कापड आहे, साहेब. कापड परत मिळतं.’ आणि माझ्याबरोबर उसवायला बसले. असा माणूस. आणि ह्याचं नाव खराब केलं त्यांनी.

उद्या त्यांच्या नाकावर टिच्चून रजिस्टर उघडणार.

७ ऑक्टोबर, बुधवार. दगड ०

रजिस्टर पाहिलं. आज लिहवत नाही.

८ ऑक्टोबर, गुरुवार

लिहायलाच हवं.

जुन्या ऑफिसाच्या किल्ल्या एका बाईकडे असतात. तिने कपाट उघडून दिलं, एकसष्टचं रजिस्टर शोधून दिलं, पुसायला फडकंही दिलं. ‘बघा सावकाश,’ म्हणाली आणि बाहेर पानं झाडायला गेली.

तारीख सापडली. संध्याकाळ — १.३. मी भिंग नेलं होतं. खाडाखोड नाही. खरवडलेलं नाही. दोनाचा एक केलेला नाही. एक आहे तो पहिल्यापासून एकच आहे, सरळ, स्वच्छ.

म्हणजे बाबांनीच एक लिहिला? मला पटेना. वीस वर्षं पट्टी वाचणारा माणूस लाल चुकवील? ताप असो नाहीतर काही असो. काळा बरोबर आणि लाल चूक! लाल बुडाला, दिसला नाही, वर बघून एक कमी करायचं सुचलं नाही, म्हणून सकाळचाच लाल लिहिला. ही चूक नवशिक्याची.

पान उलटलं. आणि बोटाला लागलं. मागच्या बाजूला उठाव. एक आणि तीन, बोटाने वाचता येतील असे. पुढच्या पानावरही उमटलेले. रजिस्टर मागे चाळलं, पुढे चाळलं. बाबांचा हात मोरपिसासारखा, त्यांचं एकही अक्षर पाठीमागे उमटत नाही. फक्त हे दोन आकडे. आणि मागचे काही सुट्टीचे दिवस, जिथे मला लिहू दिलं होतं.

मी ही वही उघडली. मागच्या पानावरून बोट फिरवलं.

रेनकोट. बाबा बरोबर असते तर मी त्यांचा रेनकोट कशाला घातला असता? ते तापात भिजले हे मी मागाहून जोडलं. खांद्यावरचा हात दुसऱ्या कुठल्या तरी संध्याकाळचा. त्या संध्याकाळी मी एकटी होते. पाणी माझ्या पावलांना लागत होतं. नेहमी ज्या पायरीवर उभी राहायची ती बुडालेली. आणि तरी मी पायांवर विश्वास ठेवला नाही, पट्टीवर ठेवला.

चौकशीच्या कागदांत बाबांचा जबाब आहे. ‘मी गेलो नाही. आकडा अंदाजाने लिहिला. तापामुळे हात कापत होता, म्हणून अक्षर वेगळं दिसतं.’ खाली सही. सही अजिबात कापलेली नाही.

दुपारी दादाला फोन केला. काही बोलायच्या आत त्याला कळलं.

‘बघितलंस?’

‘तुला माहीत होतं?’

‘बाबांनी मला पाठवलं होतं त्या दिवशी. मी म्हटलं जातो, आणि मैदानावर खेळायला गेलो. मी येईना म्हणून तू गेलीस. त्यांना कळलंही नाही, ते तापात.’ मग म्हणाला, ‘पहाटे पाण्याचा आवाज आला. बाबा उठले. तुला जवळ घेतलं आणि विचारलं, साहेब, काल लाल किती होता? तू म्हणालीस, एक. मी दारात होतो, चिमे. मला वाटलं आता ओरडतील. ते म्हणाले, शाब्बास, बरोबर आहे. जा झोप.’

मला ह्यातलं काही आठवत नाही. काही म्हणजे काही नाही.

‘मग मला बाहेर नेलं. म्हणाले, तिला हे जन्मात कळता कामा नये. माझी शपथ आहे.’

म्हणून मान खाली घालायचा. मी ज्यांना मारायला धावायची ते बापाला बोलत नव्हते, मला बोलत होते, आणि हे फक्त त्याला माहीत होतं. आणि मी त्याला पुलावर काय काय बोलले!

‘दादा, मला माफ कर’ म्हटलं. तर म्हणतो, ‘उतारावर ब्रेक लागले ना नीट?’

दोघंही रडलो. किल्लीवाली बाई दारातून बघत होती. तिने कपाट तेवढं उघडंच ठेवलं.

चौदा घरं. गिरणी. सगळा कालवा. हे मी केलंय. आठ वर्षांची होते, हे माहीत आहे मला. तरी केलं तर मीच. दिवसभर ह्याच एका जागी बसले आहे. पण एक गोष्ट पक्की आहे — बाबांनी मला वाचवलं ते लपून बसायला नाही. पुराव्याला आले होते, पुरावा घेऊनच जाणार.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

साहेबांना फोन केला. पुरावा मिळाला, बोर्ड बदला, लिहून घ्या — ‘त्या संध्याकाळी येथील पातळी कर्मचाऱ्याच्या आठ वर्षांच्या मुलीने पायरीवर उभं राहून वाचली. तिने लाल आकडा चुकवला. वडिलांनी ती चूक मरेपर्यंत स्वतःच्या नावावर ठेवली.’

साहेबांनी लिहून घेतलं. मग हळूच, ‘ताई, मुलीचं नाव नको ना घालायला?’

घाला, म्हटलं. पूर्ण नाव. मोठं, आणि लाल रंगात. लांबून वाचता आलं पाहिजे.